छोट्या कामाला छोटा कागद

बेचाळीस हजार रुपये. अभ्यासिकेला एवढेच हवे होते.

अभ्यासिका म्हणजे समाजमंदिराच्या मागची एक खोली. पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी गावातली मुलंमुली तिथे पहाटे पाचपासून बसतात. छताचे सहा पत्रे सडलेत. पाऊस लागला की अर्धी खोली रिकामी करून सगळे एका भिंतीकडे सरकतात आणि ज्यांना जागा उरत नाही ते घरी जातात. घरी जाणाऱ्यांत मुली आधी असतात. पत्रे, अँगल, मजुरी, नवं वायरिंग आणि पुस्तकांसाठी एक लोखंडी कपाट असा हिशेब गावच्या महिला मंडळाने मांडला. अध्यक्ष ताई तालुक्याला जाऊन तीन दुकानांची दरपत्रकं घेऊन आल्या. मंडळांचे अर्ज लिहून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो, म्हणून फाइल माझ्याकडे आली.

आम्ही दोघं जवळच्या एका कंपनीच्या ऑफिसात गेलो. समोरच्या मॅडम सभ्य होत्या. त्यांनी आधी पाणी विचारलं, मग यादी वाचायला घेतली.

"ताई, बारा-ए आहे का?"

"ते काय असतं?"

"ऐंशी-जी?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं.

"सीएसआर-१ची नोंदणी? दर्पणचा नंबर? तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट?"

"मॅडम, आमचे पत्रे गळतात," ताई म्हणाल्या.

या वाक्यासाठी त्या नमुन्यात रकाना नव्हता. नमुना इंग्रजीत, सात पानांचा. संस्थेचं ध्येय काय, प्रकल्पाचा परिणाम कसा मोजणार, निधी संपल्यावर प्रकल्प कसा टिकवणार, असे प्रश्न. पत्रा किती टिकेल हे त्याच्या जाडीवर ठरतं. पत्र्याची जाडी कुणी विचारली नाही.

पाच कोटी मागणाऱ्याला हाच नमुना भरावा लागतो आणि बेचाळीस हजार मागणाऱ्यालाही हाच. माझा राग इथे आहे. कागद मागू नका असं मी म्हणत नाही. पैसा दुसऱ्याचा आहे, हिशेब मागितलाच पाहिजे. पण कागदाचं वजन पैशाच्या वजनाला धरून असावं, एवढी साधी गोष्ट आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. सीएची फी, झेरॉक्स, शिक्के, एसटीचं भाडं आणि मंडळातल्या बायांचे बुडालेले रोज हे सगळं धरलं, तर लहान अनुदानाचा मोठा तुकडा ते मिळवण्यातच जातो. मिळालं नाही तर सगळाच गेला.

त्या मॅडमना मी दोष देत नाही. त्यांच्या डोक्यावर कायदा आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली एक जरी रेघ ओलांडली तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात. हा पैसा संस्थेमार्फत खर्च करायचा, तर ती संस्था १ एप्रिल २०२१पासून सीएसआर-१मध्ये नोंदलेली लागते आणि सर्वसाधारण ट्रस्ट वा सोसायटीकडे त्याआधी आयकर कायद्याखालची बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदणी असावी लागते. पैसा ठरल्या कामालाच लागला हे कंपनीच्या वित्तप्रमुखाने प्रमाणित करायचं. आणि या सगळ्या व्यवस्थेवर कंपनीने वर्षाच्या सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांहून जास्त प्रशासकीय खर्च दाखवायचा नाही. आता त्या खुर्चीवर बसून बघा. एक कोटीचा एक अर्ज तपासायला जेवढे दिवस लागतात, जवळपास तेवढेच बेचाळीस हजारांच्या एका अर्जाला लागतात. मग लहान अर्ज बाजूला सरकतो. कुणाचा दुष्टपणा नसताना सरकतो, म्हणून तर तो पुन्हा वर येत नाही.

पण त्याच नियमांत एक वाट उघडी आहे आणि ती फार थोड्या मंडळांना माहीत आहे. कंपनी हे काम संस्थेशिवाय, स्वतः करू शकते. पत्रे कंपनीने विकत घ्यावेत, गाडीभाडं द्यावं, बसवणाऱ्याला मजुरी द्यावी, बिलं कंपनीच्या नावाने. मंडळाच्या खात्यात रुपया येणारच नसेल, तर मंडळाकडे बारा-ए कशाला हवं? मी हे मॅडमना विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "असं कुणी मागत नाही हो."

आम्ही मागितलं. तिथल्या तिथे मराठीत एका पानाचा अर्ज लिहून दिला, पोच घेतली.

खरं तर मंडळाची कागदपत्रं हा स्वतंत्र विषय आहे, आणि तिथे दोष आपलाही आहे. १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात माणसं एकत्र आली की संस्था होते. महाराष्ट्रात तिची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून १९५०च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद होते. नोंदणीच्या दिवशी पेढे वाटले जातात आणि प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लागतं. त्यानंतर कार्यकारिणी बदलते, कुणी गाव सोडतं, कुणी वारतं. कायदा सांगतो, असा कोणताही बदल झाला की ९० दिवसांत कलम २२खाली बदल अर्ज द्या. कोण देतं? मी हाताळलेल्या फायलींत दिवंगत अध्यक्ष कागदोपत्री वर्षानुवर्षं पदावर आहेत. मंडळ चालवणारी आजची माणसं कायद्याला दिसतच नाहीत. मग अनुदान मंजूर झालं तरी बँक विचारते, सही कुणाची? आणि तिथे सगळं अडतं. जुने बदल अर्ज एकामागे एक प्रलंबित असतील तर नव्या कार्यकारिणीलाही रांगेत उभं राहावं लागतं. त्या कार्यालयांतल्या तारखांवर लिहायचं तर वेगळा लेख लागेल.

सरकारी अनुदान यापेक्षा सोपं असेल असं वाटतं. ग्रंथालयांचं उदाहरण घ्या. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. कोल्हापूर संस्थानात तर असा कायदा १९४५लाच झाला होता. आज राज्यात हजारो सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा चार वर्गांत उभी आहेत. सगळ्यांत खालच्या ड वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. वर्षानुवर्षं ओरड झाल्यावर अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, म्हणजे ड वर्गाला ४८ हजार. महिन्याला ४ हजार पडले. यात ग्रंथपालाचं मानधन, वर्तमानपत्रं, वीजबिल, नवी पुस्तकं, बांधणी. आणि हे सगळं दाखवणारा वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण, दाखलनोंद वही, देवघेव नोंदवही, सभेचं प्रोसिडिंग. ४ हजारांत गाव वाचतं ठेवणारी ती माणसं माझ्या लेखी महाराष्ट्रातल्या सगळ्यांत काटकसरी कारभाऱ्यांपैकी आहेत. त्यांच्याकडून कुणी कारभार शिकायला जात नाही. त्यांना फक्त त्रुटी कळवल्या जातात.

यावर एक उत्तर नेहमी येतं: बोगस संस्था फार आहेत, म्हणून कागद लागतात. बोगस संस्था आहेत, मी त्या पाहिल्या आहेत. पण २०१२ साली काय झालं ते आठवा. राज्यातल्या सगळ्या सार्वजनिक ग्रंथालयांची पडताळणी झाली. महसूल खात्याची माणसं प्रत्यक्ष दारात गेली, कपाटं उघडली, पुस्तकं पाहिली. तेव्हा कितीतरी ग्रंथालयांतल्या उणिवा उघड्या पडल्या. तोवर ती वर्षानुवर्षं अनुदान घेत होती, कारण कागद नीट होते. पुढे नव्या ग्रंथालयांची मान्यता आणि जुन्यांची दर्जावाढ कित्येक वर्षं अडून राहिली. त्याची किंमत चांगलं काम करणाऱ्यांनी मोजली.

खोट्या संस्थेचा कागद कधीच अपुरा नसतो. कागद हेच तिचं काम असतं. अपुरा कागद असतो तो दिवसभर शेतात राबून संध्याकाळी अभ्यासिकेचं कुलूप उघडणाऱ्या बाईचा. तुमची चाळणी तिला बाहेर टाकते आणि लबाडाला आत घेते. खोटेपणा पकडायचा तर गाडी काढा आणि गावात जा. बेचाळीस हजारांसाठी अर्ध्या दिवसाची एक भेट पुरते. पत्रे गळतात की नाही हे मान वर केली की दिसतं.

लहानांसाठी वेगळा नियम करता येत नाही, हेही खरं नाही. बारा-एची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागायची. २०२५च्या वित्त कायद्याने लागोपाठ दोन वर्षं ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना ती मुदत दहा वर्षांची करून दिली. कागदाचा भार लहानाला जास्त होतो हे दिल्लीने मान्य केलं. मग हेच तत्त्व अनुदानाच्या अर्जाला लावायला काय हरकत आहे?

आणि अर्जच नको, असंही महाराष्ट्राने करून दाखवलं आहे. २०१५पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या, ग्रामपंचायतींना थेट जातात. नावच अबंध निधी. त्यातून काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. कुठे चांगलं ठरतं, कुठे भांडणं होतात, कुठे ग्रामसेवकच सगळं ठरवून मोकळा होतो. पण हा पैसा गावाचा हक्क म्हणून येतो आणि चूक झाली तर जाब विचारायला गाव तिथेच असतं. पुण्यात २००६पासून नागरिक महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली लहान कामं सुचवू शकतात: बाक, पदपथाचा तुकडा, दिवे, बसथांबा. एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा. काम पालिका करते, नागरिकाच्या हाती पैसा येत नाही, त्यामुळे त्याच्याकडे ट्रस्टची कागदपत्रं मागायचा प्रश्नच नाही. पुण्यात राहणाऱ्या किती वाचकांनी हा अर्ज कधी भरलाय? क्षेत्रीय कार्यालयात एकदा विचारून या.

आमदार निधीचंही तसंच. राज्यातल्या प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात. अभ्यासिकेचं छत त्यात बसतं. फक्त तिथे मंडळाच्या ठरावापेक्षा ओळख जास्त चालते, आणि ओळख असलेल्या गावाला बहुधा दुसरी कमानही मिळते. मी हे अनेक तालुक्यांत पाहिलं आहे आणि ते मला मान्य नाही.

आता पैसा कधी येतो ते बघा. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं. वर्षभर पडून असलेली फाइल फेब्रुवारीत हलते, मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात मंजुरी येते आणि महिनाअखेर खर्च दाखवा म्हणून फोन सुरू होतात, नाहीतर निधी परत जाईल. पंधरा दिवसांत चांगला वेल्डर मिळत नाही. जे मिळतं ते घेतलं जातं, महाग आणि हलकं. मग तपासणीत शेरा पडतो की कामाचा दर्जा समाधानकारक नाही. छताच्या कामाला एकच मुहूर्त असतो, मृगाच्या आधी. मृग दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागतो. ही तारीख गावातल्या पोरालाही पाठ आहे. अनुदानाच्या वेळापत्रकात मात्र ती कुठेच नसते.

त्याहून वाईट म्हणजे 'आधी खर्च करा, बिलं जोडा, मग प्रतिपूर्ती.' ज्याच्याकडे बेचाळीस हजार रोख आहेत तो अर्ज कशाला करेल? मंडळातली एखादी ताई मग बचत गटातून स्वतःच्या नावावर कर्ज काढते, दुकानदाराची उधारी अंगावर घेते आणि प्रतिपूर्तीची वाट बघत महिन्याचं व्याज भरते. सार्वजनिक छतासाठी एका बाईने खासगी व्याज भरायचं, हा अन्याय आहे. एक लाखाच्या आतलं अनुदान आगाऊ आणि एका हप्त्यात दिलं पाहिजे. बुडेल ही भीती असेल तर पत्र्याच्या दुकानदाराला थेट द्या.

मंडळांनाही दोन शब्द सुनावतो. तुमचे अर्ज मी वाचतो. 'परिसराच्या सर्वांगीण विकासासाठी आपले अमूल्य सहकार्य लाभावे' अशी सुरुवात असलेला अर्ज पैसे देणारा माणूस पुढे वाचत नाही आणि त्याचं चुकत नाही. पावसात किती मुलं घरी जातात ते लिहा. पत्र्याचा आकार, नग, दर लिहा. गाडीभाडं, मजुरी, वीजजोडणी धरा. नंतर वाढीव मागायला जाल तर तोंडावर पडाल. आधीचे फोटो काढा, तारखेसह. दोघींच्या सहीने चालणारं बँक खातं ठेवा. मासिक सभेचं प्रोसिडिंग त्याच रात्री लिहा. वर्षाचं एका बैठकीत, एकाच पेनने लिहिलेलं तपासणाऱ्याला लगेच कळतं. व्हाउचरला पावती टाचलेली असली पाहिजे. काम झालं की उपयोगिता प्रमाणपत्र मागण्याआधी पाठवा. आणि आकडा फुगवू नका. कापूनच देतात म्हणून ऐंशी मागितले, असं मला अभिमानाने सांगणारे आहेत. त्या फुगवलेल्या अडतीस हजारांमुळे पुढच्या गावाच्या खऱ्या बेचाळीस हजारांवर संशय येतो.

स्वतःचा वाटाही दाखवा. आपल्याकडे वर्गणीची रीत जुनी आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी स्वदेशीच्या काळात माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. ज्याचा पैसा, त्याचं लक्ष. गावाने आधी दहा हजार जमवले असतील तर ते अर्जाच्या पहिल्या ओळीत हवेत. देणाऱ्यांनीही गावाची वर्गणी हाच सगळ्यांत मोठा पुरावा मानावा. शंभर घरांनी शंभर-शंभर रुपये दिले, ती यादी कोणत्याही ऑडिट रिपोर्टपेक्षा जास्त सांगते. शेजाऱ्याच्या पैशाचा हिशेब गाव सोडत नाही.

आमच्या अभ्यासिकेचं पुढे काय झालं ते सांगतो. एप्रिल गेला, मे निम्मा गेला, कंपनीकडून उत्तर नाही. ताईंनी मंडळाची बैठक बोलावली. घरटी वर्गणी ठरली, मुंबईला नोकरीला असलेल्या पोरांनी फोनवरून पैसे पाठवले, अभ्यासिकेतून पोलिसात भरती झालेल्या एका मुलीने पहिल्या पगारातले पाच हजार दिले. सत्तावीस हजार जमले. त्यात पत्रे आणि अँगल झाले, मजुरी गावातल्या वेल्डरने निम्मीच घेतली. वायरिंग आणि कपाट राहिलं. मुलं अजून एका लोंबत्या वायरीखाली वाचतात, पुस्तकं खोक्यांत आहेत. राहिलेल्या पंधरा हजारांसाठी ताईंनी मला नवा अर्ज लिहायला लावलाय. पहिल्या अर्जाच्या पोचेवर मार्चची तारीख आहे. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा खुर्चीवर असेल, जिथे लहान अनुदानाचे नमुने ठरतात, तर माझी एकच विनंती आहे. पुढच्या वर्षीचा नमुना छापायला देण्याआधी तो घेऊन एखाद्या गावात जा. महिला मंडळाच्या अध्यक्ष ताईंसमोर बसा आणि त्यांच्याकडून, त्यांच्याच अक्षरात, तो भरून घ्या. मदत करू नका, नुसतं बघा. ज्या रकान्याशी त्यांचं पेन थांबेल, तो रकाना तिथेच खोडा.